आवड आणि अर्थ

या ज्ञानसत्राच्या चिटणिसांनी 'माझी आवडती गाणी आणि पुस्तके' असा विषय मला सुचविला, तेव्हा तो फार सोपा वाटला. आपल्याच आवडीविषयी बोलायचे, त्याला अभ्यास कशाला लागतो? परंतु टिपण करावयास बसलो आणि अडचण ध्यानात आली. नावांची यादी पाच मिनिटांत झाली. प्रत्येक नावापुढे 'का?' एवढेच लिहिले, आणि लेखणी थांबली. कारण उत्तरादाखल जे जे सुचत होते ते सारे माझ्याविषयी होते. गाण्याविषयी वा पुस्तकाविषयी त्यात फारसे काही नव्हते. अमुक ओवी आवडते, कारण ती आजी म्हणे. अमुक गीत आवडते, कारण ते लहानपणी रेडिओवर ऐकले. अमुक पुस्तक आवडते, कारण ते वाचून आयुष्यात प्रथम रडलो. ही झाली आठवण. आवड म्हणजे केवळ आठवण काय? तसे असेल, तर माझी आवड तुम्हांला सांगण्यात काहीच हशील नाही. कारण माझी आजी तुमची आजी नव्हती.

हा प्रश्न नवा नाही. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली, तीत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक विघ्न असे की, प्रेक्षक आपल्या खासगी सुखदुःखातच गुरफटलेला असतो. समोर सीता रडत असता ज्याला आपल्या घरची कटकट आठवते, त्याच्यापुढे सीता उभीच राहत नाही. तो बिचारा नाट्यगृहात बसूनही आपल्या घरातच असतो. हे विघ्न दूर व्हावे म्हणून नाट्यात गीतवाद्यांची योजना केलेली असते, असेही ते सांगतात. या हिशेबाने पाहिले तर माझी सारी यादी म्हणजे विघ्नांचीच यादी ठरते! परंतु त्याच आचार्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगून ठेवली आहे. श्रोत्याच्या मनात वासना, म्हणजे पूर्वीचे संस्कार, नसतील, तर त्याच्या ठायी रस निर्माण होतच नाही. म्हणजे आपले जगणे हे रसाला आवश्यकही आहे आणि त्याला विघ्नही आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे मला पुष्कळ वर्षे उमगले नव्हते. ते उमगले, अगदी अलीकडे, तीन अनुभव एकापुढे एक ठेवून पाहिल्यावर. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला अनुभव ओवीचा. माझे बालपण कृष्णाकाठच्या एका गावात गेले. गावात पिठाची गिरणी आली होती. पण आजीचा तिच्यावर विश्वास नव्हता. गिरणीचे पीठ तापते आणि भाकरीची चव जाते, असे तिचे म्हणणे. पहाटे ती जात्यावर बसे. एक मांडी पसरून त्यावर माझे डोके घेई, एका हाताने खुंटा धरी, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात जोंधळ्याची वैरण घाली. जात्याच्या घरघरीबरोबर तिचा आवाज चढे, उतरे, आणि त्या आवाजात मला पुन्हा झोप लागे. पुढे कित्येक वर्षे ओवी म्हटले की मला ती ऊब आठवे. 'ओवी मला फार आवडते' असे मी सर्वांना सांगत असे.

कॉलेजात शिकत असता मला वाटले की, या ओव्या लिहून घ्याव्यात. सुट्टीत वही घेऊन आजीपुढे बसलो. तोवर जाते कोपऱ्यात गेले होते. तिला दोन-तीन ओव्या आठवल्या, आणि मग ती गप्प झाली. "अशा सुक्या न्हाई सुचत रं बाळा," म्हणाली. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो. पण ती अक्षरशः खरी आहे हे त्या दिवशी कळले. जाते पुढे ओढले, मूठभर जोंधळे घेतले, खुंट्याला हात लागला, आणि ओव्या येऊ लागल्या. जात्याचा एक फेरा आणि ओवीचा एक चरण यांचे नाते असे की, एकाशिवाय दुसरे चालत नाही. मी अकरा ओव्या लिहिल्या. मग आजीला दम लागला आणि आम्ही थांबलो. उरलेल्या उद्या, असे ठरले. तो उद्या पुढे कधी उगवला नाही.

त्या अकरा ओव्या मी पुष्कळ वर्षे जपल्या. पण नीट वाचल्या नाहीत. पुढे सानेगुरुजींनी 'स्त्री-जीवन' या संग्रहात एकत्र केलेल्या ओव्या वाचनात आल्या. त्याहून पुढे, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचे समजले, आणि त्यांतल्या काही वाचल्या. परक्या बायकांच्या त्या ओव्या वाचताना मला माझ्या आजीची ओवी प्रथम ऐकू आली. किती बायका जात्याला देव म्हणून हाक मारतात! माणसांना सांगता येत नाही ते या दगडाच्या देवाला सांगतात. माहेर दूर गेल्याचे, भाऊ न आल्याचे, मुलगी सासरी पाठविल्याचे, सासुरवासाचे. सीतेचे दुःख तर किती जणींनी आपल्या दुःखाशेजारी बसवून गायिले आहे. मग वही काढून पाहिली. माझ्या आजीच्या अकरा ओव्यांपैकी सहा सीतेच्या वनवासाच्या होत्या. माझ्या डोक्यावर रोज पहाटे एक बाई आपले गाऱ्हाणे देवाला घालीत होती आणि मी तिच्या मांडीवर झोपलो होतो. इतकेच नव्हे, त्या झोपेलाच मी ओवीची आवड असे नाव दिले होते. अभिनवगुप्तांचे विघ्न ते हेच. आठवण इतकी गोड होती की, तिच्यापुढे ओवीचा अर्थ ऐकू आला नाही.

दुसरा अनुभव गीतरामायणाचा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसृत झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्यास एक नवे गीत, असा क्रम पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला आणि गीतांची संख्या ५६ झाली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या आळीत रेडिओ एकच, एका दुकानदाराच्या घरी. त्यांच्या ओसरीवर पुरुषमंडळी बसत, आम्ही मुले पायरीवर, आणि बायका आतल्या दारात. गीतरामायणाचे नाव निघाले की, आजही मला ती ओसरी दिसते.

परंतु ओसरीच्या आठवणीला येथे थांबवून गीतांच्या रचनेकडे पाहू. माडगूळकरांनी कथा कवीच्या तोंडून फारशी सांगितलीच नाही. जवळजवळ प्रत्येक गीत कथेतल्या कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी घातले. कौसल्या बोलते, दशरथ बोलतो, भरत बोलतो, शूर्पणखादेखील बोलते. प्रथम प्रसारणाच्या वेळी ही गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे अशी मोठी मंडळी त्यांत होती. पुढे फडक्यांनी ती सर्व एकट्याच्या आवाजात गायिली आणि लोकांच्या कानांत तीच बसली. या रचनेमुळे काय होते? ऐकणाऱ्याला दर आठवड्यास नव्या माणसाच्या जागी उभे राहावे लागते. आज बापाचे दुःख, पुढच्या आठवड्यात भावाचे. आपल्या ओसरीवरून उठून दुसऱ्याच्या अंगणात जाण्याचा तो अभ्यासच होता. गीत हे त्या विघ्नावरचे औषध आहे असे अभिनवगुप्त म्हणतात, ते अशा अर्थानेही घेता येईल.

आम्हा मुलांना धनुष्यबाण, सेतू आणि युद्ध यांचे आकर्षण. शेवटच्या गीताच्या आधीचे गीत आले ते त्यागिलेल्या सीतेचे. ती रानात उभी आहे आणि लक्ष्मणाला विचारते आहे. आम्हांला त्या गाण्याचा कंटाळा आला. युद्ध संपले होते. आतल्या दारात मात्र कोणी हलले नाही. गाणे संपल्यावर घरी येताना आजी मला म्हणाली, "कुणा बाईनं सांगितलं आसंल बघ त्या गाणाऱ्याला. त्याबिगार न्हाई कळायचं." मला त्यातले काही समजले नाही. तिला जात्यावरची सीता ठाऊक होती. म्हणून रेडिओवरची सीता तिला पहिल्या शब्दात भेटली. हीच ती वासना, तो पूर्वसंस्कार. माझ्यापाशी तो नव्हता. एकच रेडिओ, एकच गाणे, एकच ओसरी. पण आजीचे गाणे आणि माझे गाणे वेगळे होते. आजीही आपले दुःख घेऊनच आली होती. परंतु ती त्या दुःखात गुरफटून बसली नाही, त्याचा हात धरून सीतेपर्यंत गेली. मी पायरीवरच राहिलो. जगणे रसाला साधन केव्हा होते आणि विघ्न केव्हा होते, याचा भेद येथे आहे, असे मला वाटते. आठवण म्हणजे घराचे दार. दारावाचून आत जाता येत नाही हे खरे. परंतु उभा जन्म दारातच बसून राहिले तर घर पाहिले असे म्हणता येणार नाही.

आता तिसरा अनुभव, आणि तो सांगणे मला थोडे जड जाते. पुस्तक आहे 'श्यामची आई'. सानेगुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी आहेत. अकराव्या वर्षी मी ते वाचले आणि श्यामसाठी रडलो. चाळिशीत पुन्हा वाचले, तेव्हा मी स्वतः कर्जात होतो. त्या वेळी मला श्याम दिसला नाही, त्याचे वडील दिसले. एका खोताच्या घराण्याची पडती, सावकाराचा तगादा, अब्रूला लागलेली झळ, हे सारे पुस्तकात आरंभापासून होते; अकरा वर्षांच्या डोळ्यांना ते दिसण्याजोगे नव्हते, एवढेच. तेव्हा मला समाधान वाटले की, हे पुस्तक मला आता पुरते कळले.

काही वर्षांपूर्वी दृष्टी मंदावली. माझी नात सुट्टीत आली की, मला वाचून दाखविते. मोठ्या हौसेने मी तिच्या हाती 'श्यामची आई' दिले. हौस कसली, ते आपणही ओळखाल. आपण जेथे रडलो तेथे नातीनेही रडावे, अशी ती हौस. 'देवाला सारी प्रिय' ही गोष्ट आली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एक म्हातारी. तिची मोळी खाली पडली आहे आणि ती उचलून द्यावयास कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर. श्याम जातो. नात वाचता वाचता थांबली. म्हणाली, "आजोबा, मोळी दिली ते छान केलं. पण मग आंघोळ कशाला?"

मी म्हणालो, "तो काळ तसा होता."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या आजी घरी जाऊन काय म्हणाल्या असतील? ते पुढे आहे का?"

मी म्हणालो, "नाही. पुढे वाच." आणि माझा स्वर चढला होता, हे मला कबूल केले पाहिजे. तिने पुढे वाचले, पण पूर्वीच्या आवाजात नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. राग कशाचा आला होता? तिने पुस्तकाचा अपमान केला नव्हता. उलट, इतक्या वर्षांत मी जितके लक्ष देऊन वाचले नाही, तितके लक्ष देऊन ती वाचीत होती. ते आंघोळीचे वाक्य मी दहा वेळा तरी वाचले असेन. पण ते मला दिसलेच नव्हते. खरी गोष्ट अशी होती की, मी पुस्तकाची बाजू घेत नव्हतो. मी माझ्या अकराव्या वर्षीच्या अश्रूंची बाजू घेत होतो. पुस्तकाला माझ्या वकिलीची काहीएक गरज नव्हती.

सकाळी ती गोष्ट मी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली आणि या वेळी ऐकली. मग ध्यानात आले की, सानेगुरुजींनी ती आंघोळ लपविली नाही. तुरुंगात बसून, आईविषयीच्या अपार भक्तीने लिहिताना, ते एक वाक्य गाळणे किती सोपे होते! आई अधिक उजळ दिसली असती. त्यांनी ते ठेविले. त्या बाईची दया रूढीच्या उंबरठ्यापर्यंत येते, एक पाऊल बाहेर टाकते, आणि त्या पावलाचे मोल म्हणून आंघोळ सांगते. यात तिचा मोठेपणा आहे आणि तिच्या काळाची कुंपणेही आहेत. लेखकाने दोन्ही ठेवून दिली. आणि त्या मुलाने पुढे काय केले? १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना खुली व्हावीत म्हणून त्याने उपोषण मांडले आणि ती दारे उघडली. आईने एक पाऊल टाकले होते. मुलगा तेथून पुढे चालत गेला. त्या वाटेची सुरुवात कोठे झाली ते कळावे, म्हणून ती मोळी पाहिजे. आणि वाट किती लांब होती ते कळावे, म्हणून ती आंघोळही पाहिजे. नातीच्या प्रश्नाने माझे पुस्तक हिरावून नेले नाही. ते मला प्रथमच संपूर्ण दिले.

परंतु तिचा दुसरा प्रश्न शिल्लकच होता. ती म्हातारी घरी जाऊन काय म्हणाली असेल? याचे उत्तर 'श्यामची आई'त नाही, आणि नसावे हे स्वाभाविक आहे; कोणतेही पुस्तक सर्वांच्या घरात शिरू शकत नाही. ते उत्तर दुसऱ्या पुस्तकात आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. मोळी विकावयास नेणाऱ्या बायकांना, लाकडाला केस वा धागा अडकून राहिलेला नाही ना, म्हणून कसे बजावले जाई, ते त्यांनी लिहून ठेविले आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात पुष्कळ वर्षे होते. वाचले नव्हते असेही नाही. पण ते मी दुसऱ्या फळीवर ठेविले होते. आवडत्या पुस्तकांच्या फळीवर नव्हे. ही दोन पुस्तके एकाच मोळीविषयी बोलत आहेत, हे एका शाळकरी मुलीने विचारीपर्यंत माझ्या ध्यानी आले नाही.

कोणी म्हणेल, अशाने आवडीचा आनंदच जाईल. प्रत्येक आवडत्या गोष्टीची अशी झडती घेत बसावे काय? मला तसे वाटत नाही. आजीची ऊब मला अजून आठवते, ती खोटी झालेली नाही. 'श्यामची आई' वाचताना अजून गळा दाटतो. फरक एवढाच की, पूर्वी मी माझ्यासाठी रडत असे. आता त्यात श्यामची आई आहे, मोळीवाली म्हातारीही आहे. आवड उणी झाली नाही. तिच्यात माणसे वाढली. एखादे गाणे वा पुस्तक आपल्याला खरोखर आवडते की आपण केवळ आपले बालपण कुरवाळीत आहो, हे ओळखण्याची माझ्यापुरती खूण मी हीच ठरविली आहे. त्याच्यापाशी पुन्हा गेल्यावर नवे माणूस भेटते का? भेटत असेल, तर ती आवड जिवंत आहे.

आणि आपली आवड पुढच्या पिढीला कशी द्यावी, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी विचारतात. मलाही पडलेला तो प्रश्न होता. आपले अश्रू दुसऱ्याच्या डोळ्यांत घालता येत नाहीत. तो प्रयत्न केला की, मुले पुस्तक मिटतात. पुस्तक द्यावे आणि मग ती काय विचारतात ते ऐकावे, एवढेच आपल्या हाती आहे. गीतरामायणाची उभारणीच पाहा. आरंभी राम सिंहासनावर बसला आहे आणि दोन अनोळखी बालके त्याला त्याचीच कथा गाऊन दाखवीत आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच बालकांना गावयास पाठवितात. म्हणजे शेवट पुन्हा आरंभाशी येऊन मिळतो. रामाला आपली कथा ठाऊक नव्हती काय? पण त्या कथेत सीतेचा प्रश्नही आहे, आणि तो त्याला मुलांच्या तोंडून ऐकावा लागतो. आपली कथा आपण स्वतःला सांगतो, तेव्हा त्यात आपल्याला अडचणीचे वाक्य येत नाही. ते मुलांच्या तोंडून येते. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी स्वर चढवू नये. रामाप्रमाणे बसून ऐकावे.

चिटणिसांना दिलेल्या यादीत मी नंतर एक दुरुस्ती केली. 'श्यामची आई'च्या खालच्या ओळीत 'जिणं आमुचं' लिहिले, आणि 'का?' या रकान्यात नातीचा प्रश्न लिहिला. या सुट्टीत आम्ही तेच पुस्तक घेतले आहे. ती वाचते आणि मी ऐकतो.